वॉटरपार्कचा डबा: वाटेत काय, गाडीत काय, गेटच्या आत काय

खान्देशातून मोठ्या पार्कला जायचं म्हणजे आधी लांबचा प्रवास आणि मग पार्क. जळगाव-भुसावळकडून खोपोलीचं इमॅजिका गाठायचं तर रात्रभर गाडी चालते. धुळ्याहून नाशिक किंवा शिर्डीकडचं वॉटरपार्क करायचं तर अंधार असतानाच निघावं लागतं. नंदुरबार-नवापूरकडची मंडळी सुरतेच्या बाजूला उतरतात. कुठूनही निघा, गेटवर पोचेपर्यंत एक जेवण किंवा निदान एक दणदणीत नाश्ता वाटेतच होतो. संध्याकाळी पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते तिची सोय वेगळी करावी लागते, आणि मधल्या दुपारचं काय हे पार्कच्या नियमावर ठरतं.

बहुतेक घरांत मात्र या सगळ्यासाठी एकच मोठा डबा भरला जातो, आणि तिथंच घोटाळा होतो. पहाटे चारला परतलेली बटाट्याची भाजी दुपारी एकला गाडीतून काढली की ती नऊ तासांची झालेली असते. त्यातले तीन-चार तास ती उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत शिजत पडलेली असते. शिजवलेल्या ओल्या अन्नात जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात झपाट्यानं वाढतात. म्हणून असं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, आणि उन्हात बंद ठेवलेली गाडी तासाभरात आतून आणखी वीसेक अंशांनी तापते. त्यामुळे ‘आपल्या घरचंच तर आहे, काय होतंय’ असं म्हणून चालत नाही. पदार्थ चुलीवरून उतरल्यापासून तोंडात जाईपर्यंत किती तास जाणार, हे आधी मोजायचं आणि त्यावरून तो कोणत्या पिशवीत जाईल ते ठरवायचं.

निघण्याच्या दोन दिवस आधी पार्कला फोन करा. बाहेरचं खाणं आत चालतं का, हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि मोठ्या पार्कांत उत्तर बहुधा ‘नाही’ असंच असतं. इमॅजिकासारख्या ठिकाणी तर बॅगा तपासूनच सोडतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, एकदा आत गेल्यावर हातावर शिक्का मारून बाहेर येता येतं का आणि त्याच तिकिटावर परत आत सोडतात का. दुपारचं जेवण गाडीपाशी करता येईल की नाही ते एवढ्यावरच ठरतं. मग पार्किंग गेटपासून किती लांब आहे, तिथं सावली आहे का, आत पिण्याचं पाणी फुकट मिळतं का आणि रिकामी बाटली नेऊ देतात का, हे विचारून घ्या. तान्ह्या बाळाचं खाणं आणि मधुमेहाच्या माणसाचं खाणं याबद्दल स्वतंत्र विचारा. बहुतेक ठिकाणी त्याला सूट असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जवळ असली की गेटवर बोलणं लांबत नाही. जे उत्तर मिळेल ते व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागून घ्या. फोनवर बोललेला माणूस आणि गेटवर उभा असलेला माणूस वेगळे असतात.

गेटवर कोर्टाच्या निकालाचे दाखले देत भांडणारेही असतात, म्हणून तेही सांगून ठेवतो. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांबाबत निकाल दिला. बाहेरचे पदार्थ आत येऊ द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो; मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, असं त्यात आहे. तो खटला चित्रपटगृहांचा होता, पार्कांचा नव्हता. पण कोर्टाचा कल मालकाचा हक्क मान्य करण्याकडे आहे, हे त्यातून कळतं. तेव्हा पुरीचं पुडकं आत नेण्यासाठी अर्धा तास हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पाणी आणि बाळाचा खाऊ यांच्यासाठी मात्र जरूर बोला.

परत आत सोडत असतील तर दुपारचा डबा गाडीत ठेवता येतो. सोडत नसतील तर गाडीतला दुपारचा डबा फुकट जातो. मग सकाळी गेट उघडायच्या तासभर आधी पोचून पार्किंगमध्येच पोटभर खाऊन घ्यायचं, दुपारी आत एकदाच हलकं काही विकत घ्यायचं आणि खरं जेवण संध्याकाळी बाहेर आल्यावर. जेवणासकट तिकीट मिळत असेल तर हिशेब करून बघा. चार-पाच जणांच्या घराला ते बऱ्याचदा परवडतं, कारण आत सुटं सुटं घेतलं की बिल कुठं जातं कळत नाही.

आता डब्याकडे वळू.

पहिलं जेवण, म्हणजे पदार्थ चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आतलं, एवढंच थोडं ओलं चालतं, आणि तेही हिवाळ्यातच. भरीत न्यायचं असेल तर ते याच जेवणाला. थंडीत निघताना केलेलं भाजलेल्या वांग्याचं भरीत कळण्याच्या भाकरीसोबत त्या दोन तासांतच खाऊन संपवायचं. कांद्याची पात घातलेलं भरीत सकाळपर्यंत आंबूस होतं, ते ठेवूच नका. कळण्याची भाकरी मात्र प्रवासाला चांगली. ज्वारीच्या चार भागांना सालासकट उडदाचा एक भाग आणि मीठ घालून दळलेलं पीठ असलं की उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीसारखी कडकडीत होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही मोडून खाता येते. घाट लागायच्या आधी पोरांना फार चारू नका. धुळ्याकडून जाताना चांदवडजवळचा राहूड घाट आणि पुढे मुंबईकडे कसारा, दोन्हीकडे भरल्या पोटाची मुलं हमखास उलटी काढतात.

महामार्गावरच्या ढाब्यावर जेवायचं असेल तर नुसत्या पोळ्या घरून न्या आणि तिथं शेवभाजी मागवा. रस्सा डोळ्यांदेखत उकळतो, शेव त्यात ऐनवेळी पडते, म्हणजे शिळेपणाचा प्रश्न उरत नाही. घरची पोळी चालेल का, हे बसण्याआधी विचारावं. बहुतेक ढाबेवाले नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवसाचा सगळा भार दशम्यांवर टाकावा असं माझं ठाम मत आहे. यात्रेला, गावाला जाताना आपल्याकडे दशम्या बांधून द्यायची पद्धत होती ती उगाच नव्हती. पाव किलो कणकेला चिमूटभर मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला, पीठ बोटांनी चोळून घ्या. मुठीत दाबलं की पिठाचा मुटका धरला पाहिजे. मग तापवून पूर्ण गार केलेल्या दुधात भिजवा. दूध साधारण १२० मिली लागतं, पण एकदम ओतू नका. पाणी एक थेंबही नको. पीठ पुरीच्या पिठाहून थोडं सैल आणि पोळीच्या पिठाहून घट्ट असावं. वीस मिनिटं झाकून ठेवा, आठ गोळे करा आणि पोळीहून जाडसर लाटा. तवा मध्यम आचेवर ठेवा, दोन्ही बाजूंनी तेल सोडून डाग पडेपर्यंत निवांत भाजा. आच मोठी ठेवली तर वरून डाग पडतात आणि आत ओल राहते. तीच ओल दुसऱ्या दिवशी दशमीला वास आणते. गोड हवी असेल तर पाऊण वाटी गूळ किसून कोमट दुधात विरघळवून घ्या. गरम दुधात गूळ टाकला की दूध फाटतं आणि दशमी आंबट लागते. गुळामुळे पीठ सैल होतं, म्हणून दूध थोडं कमी घ्या. गोड दशमी तव्यावर लवकर करपते, तिला आच आणखी मंद लागते.

भाजल्या की एकमेकींवर रचू नका. स्वच्छ सुती कापडावर सुट्या पसरा आणि अर्ध्या तासानं उलटा. हाताला अजिबात कोमट लागत नाहीत अशा झाल्या की मग डब्यात. गरम डबा बंद केला की झाकणाला आतून घाम सुटतो, तो थेंब थेंब खाली पडतो, आणि बुरशीला तेवढं पुरतं. डब्याच्या तळाशी आणि वरून कापडाची घडी ठेवा. वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते, आणि एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, त्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. अशा दशम्या हिवाळ्यात दोन-तीन दिवस आणि उन्हाळ्यात दीड दिवस नीट राहतात.

तिखट-मिठाच्या पुऱ्यांचंही तेच, फक्त त्यांची एक खोड असते. टम्म फुगलेली पुरी गार झाल्यावर चिवट होते. प्रवासाची पुरी फुगू द्यायची नाही. पाच जणांच्या एका जेवणाला पन्नासेक पुऱ्या लागतात, त्यासाठी ७०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम बेसन, पाच-सहा चमचे गरम तेलाचं मोहन, तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ. पीठ घट्ट भिजवा, लाटलेल्या पुरीला काट्यानं टोचे मारा आणि मध्यम आचेवर बुडबुडे कमी होईपर्यंत तळा. मेथी घालायची असेल तर चिरून आधी कोरड्या कढईत परतून तिचं पाणी आटवून घ्या. ओली मेथी तशीच घातली तर पुरी संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

सोबतीला कोरडं तोंडीलावणं. शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, तिळाची चटणी, तेलात मुरलेलं कैरीचं लोणचं, जाडी तिखट शेव. ठेचा न्यायचा तर मिरच्या आणि लसूण तेलावर चांगले भाजून, भाजलेल्या दाण्यांसोबत वाटलेला. कोथिंबीर नको, पाणी नको. चटणीत ओला चमचा घालू नका, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. ओल्या हातांनी वावरायची ती जागा, चटणीच्या डब्यात पाणी जायला वेळ लागत नाही.

काय न्यायचं नाही तेही स्पष्टच बोलायला हवं. भात कुठल्याच रूपात नको, मसालेभात असो की पुलाव. शिजवलेल्या भातात असा एक जंतू वाढतो की त्याचं विष परत गरम करूनही जात नाही, आणि काही तासांतच उलट्या सुरू होतात. खोबऱ्याची ओली चटणी, पनीर, हिरव्या चटणीचं सँडविच, कांदा घालून परतलेली बटाट्याची भाजी, दह्यातली कोशिंबीर हे सगळं घरीच खा. कढी-फुणके कितीही आवडते असले तरी कढी प्रवासाची नाही. उकडलेली अंडी सकाळच्या खाण्याला ठीक, दुपारच्या नाही.

पाण्याचा हिशेब डब्याइतकाच काळजीनं करावा. उन्हाळ्यात दिवसभर उन्हात फिरणाऱ्या मोठ्या माणसाला तीन लिटर तरी लागतं. पाण्यात खेळताना घाम दिसत नाही म्हणून पोरं पाणी मागत नाहीत, आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून रडतात. एक लिटरच्या बाटल्या वरून चार बोटं रिकाम्या ठेवून रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवा. पाणी गोठताना फुगतं, गळ्यापर्यंत भरलेली बाटली तडकते. या बाटल्या हाच आइसबॉक्सचा बर्फ, आणि दुपारपर्यंत तेच प्यायचं थंड पाणी. सुटा बर्फ भरला की तो वितळून सगळे डबे त्यात तरंगतात. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेऊ देतात, पण तिथंसुद्धा सुटा बर्फ आणि काचेची भांडी चालत नाहीत. शक्य असेल तर दोन बॉक्स ठेवा. पाण्याचा बॉक्स सारखा उघडला जातो. बाळाचं दूध आणि ताक त्यात ठेवलं तर तासाभरात कोमट होतं. बॉक्स डिकीत टाकू नका, सीटच्या पायाशी ठेवा आणि वरून ओलं गोणपाट घाला.

ताक न्यायचं तर पातळ, मीठ-जिरं घालून, थर्मासमध्ये आणि दुपारच्या आत संपेल एवढंच. जास्त वेळ राहिलं की ते आंबतच जातं, आत वायू साठतो आणि झाकण उघडताना अंगावर उडतं. त्यापेक्षा पन्ह्याचा गर सोयीचा. दोन मोठ्या कैऱ्या उकडून गर काढा, त्याच्या दुप्पट गूळ, मीठ, वेलची घालून एकदा चटका द्या आणि गार झाल्यावर बरणीत भरा. जागेवर एका पेल्याला दोन चमचे गर आणि थंड पाणी. कुणाला जुलाब-उलटी झालीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा आणि माप तंतोतंत पाळायचं. मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो.

केळीबद्दल जळगावकरांना काय सांगायचं, पण गाडीतली केळी काळी का पडतात हे लिहितोच. फणी तोडून सुटी केळी केली की देठाची साल फाटते आणि तिथून काळं पडायला लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती स्वतःच्याच वायूनं पिकत सुटतात, बर्फात ठेवली तर साल काळी होते. म्हणून देठाशी हिरवट असलेली अख्खी फणी घ्या, कापडात गुंडाळून उघड्या टोपलीत सगळ्यात वर ठेवा आणि खाताना एकेक तोडा. राईडच्या आधी काही खायचं झालं तर एक केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे पुरतात. पोटभर जेवून लगेच गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसू नका, तासभर जाऊ द्या. तळलेलं खाल्लं असेल तर दीड तास.

आत नेता येईल तेवढं खाणं लॉकरमध्ये उघडं ठेवू नका. लॉकर ओल्या कपड्यांनी दमट असतात, आणि गोडाच्या वासानं मुंग्या कुठूनही येतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा छोटा डबा हवा.

शाळेची सहल असेल तर एवढंच पाहा की सकाळचा डबा प्रत्येक मुलाचा स्वतःचा आणि संध्याकाळचा खाऊ सगळ्यांचा मिळून एक असावा. मुलांच्या दप्तरात दुपारनंतर खाण्यासाठी काहीही ओलं राहू देऊ नका. बसमध्ये चढताना शिक्षकांनी डबे बघून घेतले तर पुढचं निस्तरावं लागत नाही.

संध्याकाळी सहाला पोरं कुडकुडत बाहेर येतात तेव्हा त्यांना खारट, आंबट, कुरकुरीत असं काहीतरी हवं असतं. यासाठी भत्त्याला, म्हणजे कालवलेल्या मुरमुऱ्यांना, तोड नाही. दहा जणांना अर्धा किलो मुरमुरे, पाव किलो तिखट शेव, पाव किलो खारे दाणे आणि फुटाणे मिळून, अर्धा किलो कांदा, चार टोमॅटो, पाच लिंबं, मीठ, तिखट. मुरमुरे निघायच्या दिवशी कढईत मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, मूठभर घेऊन चुरगळले की आवाज आला पाहिजे. गार करून पत्र्याच्या घट्ट डब्यात भरा. पावसाळ्यात ते डब्यातसुद्धा सादळतात, तेव्हा दुहेरी पिशवी करा. कांदा-टोमॅटो अख्खे न्या, सोबत सुरी आणि लाकडी फळी. चिरलेला कांदा तासाभरात पाणी सोडतो. पातेल्यात आधी कांदा, टोमॅटो, मीठ, तिखट आणि लिंबू कालवा, मग दाणे-फुटाणे, मग मुरमुरे, आणि शेव सगळ्यात शेवटी ताटलीत. एका वेळी चार-पाच जणांपुरताच कालवा. सगळा एकदम कालवला की शेवटच्याच्या वाट्याला लगदा येतो.

ताटल्या स्टीलच्या किंवा पळसाच्या पत्रावळी. थर्मोकोल आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारात पत्रावळी सहज मिळतात, खाऊन झाल्यावर घडी करून एका पिशवीत भरल्या की काम झालं. खरकटं पार्किंगमध्ये टाकलं तर कुत्री येतात आणि पुढच्या वेळी तिथं बसू देत नाहीत, म्हणून कचऱ्याची एक जाड गोणी गाडीत ठेवाच.

परतताना काय उरलं ते उजेडात बघा. कोरडी चटणी, शेव, मुरमुरे, न उघडलेल्या डब्यातल्या दशम्या ठेवा. दुपारी उघडून अर्धवट खाल्लेलं, ओला हात लागलेलं, आइसबॉक्समध्ये कोमट झालेलं दूध-ताक हे रात्री परत कुणाला देऊ नका. वास नीट आहे म्हणून खाल्लं, ही सबब पोट ऐकत नाही. रिकामे डबे घरी पोचेपर्यंत झाकण लावून ठेवू नका, एकदा पाण्यानं विसळून उघडेच कापडी पिशवीत टाका, नाहीतर लसणाचा वास रबराच्या रिंगेत बसतो आणि पुढच्या गोड दशम्यांना लागतो.